रूथचा रस्ता आणि करोडगिरीचा नाका

हैदराबादेत चर्चच्या फाटकांशेजारी तेलुगूत छापलेले लांबरुंद फलक लागतात. दहा दिवसांत इजिप्त, इस्रायल, जॉर्डन. वर कोटातल्या पास्टरांचा फोटो आणि मागे जेरुसलेमचा सोनेरी घुमट. तो घुमट मुसलमानांच्या पवित्र स्थळाचा आहे, हे फलक करणाऱ्याच्या गावीही नसतं. अविभाजित आंध्र प्रदेशच्या सरकारनं २००८ मध्ये जेरुसलेमला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी अनुदान सुरू केलं. पुढे राज्य दुभंगल्यावर, २०१९ मध्ये, पलीकडच्या आंध्रानं कमी उत्पन्नाच्या यात्रेकरूंसाठी ते साठ हजारांवर नेलं. आयुष्यात एकदा तरी काशी, तसं आता इथल्या ख्रिस्ती घरांत आयुष्यात एकदा तरी जेरुसलेम, असं झालं आहे.

या फलकांपुढे मराठी माणूस कमी थांबतो, पण थांबतो. काचीगुडा आणि नारायणगुडा यांच्या मधल्या बरकतपुऱ्यात मराठवाड्यातून आलेली घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यातल्या एका घरी निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. त्यांचे पूर्वज जालन्याजवळच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. समोरच्या घरी नाना. परभणीकडचे देशस्थ, हिशेबनीस म्हणून निवृत्त, आजोबांपासून घरात वारी.

बाईंनी पवित्र भूमीच्या यात्रेत नाव घातलं आणि सोबतीला नानांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, विचारलं. वहिनी हो म्हणाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये, नाताळाच्या तोंडावर, बाईंच्या ओसरीवर यावर जे बोलणं झालं, ते मी शेजारी या नात्यानं बसून ऐकलं.

नाना : हे बघा बाई, तुम्ही जाताय त्याला माझी ना नाही. तुमची श्रद्धा आहे, पैसे साठवलेत. पण हिला खामखा कशाला ओढताय? हिचं तिथे काय आहे?

बाई : वहिनींचं तिथे काहीच नाही, म्हणून तर नेतेय. आमच्या गटातल्या सगळ्या बायका एकाच ठिकाणी रडणार आणि एकाच ठिकाणी फोटो काढणार. मीही त्यांच्यातलीच. वहिनी मात्र विचारतील, ही भिंत कशाची? हा शिपाई कुणाचा? असं विचारणारं माणूस मला बरोबर हवंय.

नाना : भिंत कशाची ते मीच सांगतो, तिकीट न काढता. २००२ पासून बांधायला घेतली. बेथलेहेम एकीकडे, जेरुसलेम दुसरीकडे. आणि शिपायाचं म्हणाल तर तो तिथे उगाच उभा नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत कोरियाचे ख्रिस्ती यात्रेकरू सिनाईच्या मठातून येत होते. ताबाच्या नाक्याशी बस थांबली आणि बॉम्ब फुटला. तीन कोरियन आणि इजिप्तचा ड्रायव्हर, चौघं गेले. ती माणसं कुणाशी लढायला गेली होती का?

बाई : माहीत आहे मला. म्हणूनच सिनाई वगळलेली सहल घेतली. अम्मानला उतरायचं, नेबो पर्वत, मादबा, मग पूल ओलांडायचा. यायचं त्याच वाटेनं.

नाना : पूल! २०२४ च्या सप्टेंबरात त्याच पुलावर जॉर्डनकडून आलेल्या ट्रकवाल्यानं तीन इस्रायली मारले. साधारण वर्षभरानं पुन्हा दोन. गेल्या जूनमध्ये इराणशी लढाई पेटली तेव्हा इस्रायलमधली आपली माणसं जमिनीच्या सीमांवरून जॉर्डनमध्ये आणि इजिप्तमध्ये काढावी लागली. तुमचं वय काय, हिचे गुडघे काय!

यार्देन म्हणजे जॉर्डन नदीवरच्या या पुलाशी हैदराबादचा जुना संबंध आहे. जॉर्डन त्याला राजा हुसेन यांचं नाव देतो, इस्रायलमध्ये तो अॅलनबीचा पूल. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईन जिंकणाऱ्या ज्या जनरल अॅलनबीचं हे नाव, त्याच्या फौजेत निजामाचे हैदराबाद लान्सर्स होते. जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांबरोबर ते एकाच ब्रिगेडमध्ये होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे या तीन संस्थानांचे. हैदराबादचे स्वार त्या मुलखात फिरले तेव्हा यार्देन नदीच्या दोन्ही काठांवर तुर्कांचंच राज्य होतं. ती नदी दोन देशांची हद्द झाली त्यानंतर, इंग्रजांच्या आखणीत. १९४८ च्या युद्धानंतर पश्चिमेचा काठ जॉर्डनकडे गेला, १९६७ पासून तो इस्रायलच्या ताब्यात आहे. आज पुलावरून पायी जाता येत नाही. जॉर्डनच्या बाजूला पासपोर्ट दाखवायचा, बाहेर पडण्याचा कर भरायचा, ठरलेल्या बसमध्ये बसायचं, काही मिनिटांत पलीकडे, आणि मग इस्रायली तपासणीच्या रांगेत किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. इस्रायल आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, एक छोटी चिठ्ठी हातात देतं. तो शिक्का दिसला की काही अरब देश दारातूनच परत पाठवत, म्हणून ही सोय.

नानांची यादी खरी होती. बाईंनी त्यातलं काहीही खोडलं नाही. त्यांनी वेगळाच धागा धरला.

बाई : नाना, तुमच्या आजोबांची वारी कुठून जायची?

नाना : लातूरहून बार्शी लाईट. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. त्याआधी पायी.

बाई : लातूर कुणाचं? निजामाचं. बार्शी? इंग्रजांची. मध्ये करोडगिरीचा नाका. गाठोडं सोडून दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत, हे तुम्हीच सांगितलंय मला. आणि ४७-४८ साली त्या हद्दीवर काय चाललं होतं ते आपल्या दोघांच्याही घरी ठाऊक आहे. एकीकडे रझाकार, दुसरीकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या. म्हणून कुणी म्हणालं का, की विठोबा चराचरात आहे, यंदापासून वारी परभणीतच करू?

नाना : ते वेगळं. हद्दीच्या दोन्ही बाजूंना माणसं आपलीच होती, भाषा आपली होती. नाक्यावरचा शिपाईसुद्धा, त्याला उर्दूत चार गोष्टी सांगितल्या की ऐकायचा.

बाई : आपलीच माणसं होती म्हणून रझाकारांनी कुणाला सोडलं?

नाना यावर गप्प राहिले. मात्र वाद सोडला नाही, मुद्दा बदलला. मला वाटतं, धोक्याचा मुद्दा त्यांनी बायकोच्या काळजीनं पुढे केला होता. त्यांना मनापासून बोलायचं होतं ते हे.

नाना : मग देवाचंच बोलू. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते केडगावात बसून. जेरुसलेमच्या दगडाला हात लावल्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. बरं, डोळ्यांनी काही बघायचंच असेल तर मेदक आहे शंभर किलोमीटरवर. पॉस्नेट साहेबानं दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ते चर्च बांधायला काढलं. १९२४ च्या नाताळाला उघडलं. भुकेल्याला जिथे अन्न मिळालं ते ठिकाण पवित्र नाही का?

बाई : मेदकला मी दरवर्षी जाते. रमाबाईंपुढे हात जोडते. पण नाना, आमची गोष्ट कुठेतरी घडली आहे. अमुक राजा असताना, अमुक गावात, अमुक नदीकाठी. ती कुठेही घडली असती म्हटलं की तिची कहाणी होते, उतू नये मातू नये. मला ती नदी बघायची आहे.

नाना : नदी! जिथे येशूचा बाप्तिस्मा झाला म्हणतात, तो काठ १९६७ नंतर सुरुंगांनी पेरलेला होता. देवळांच्या आवारातसुद्धा सुरुंग. ते काढायला सुरुवात झाली २०१८ मध्ये. नदीची रुंदी आपल्या या गल्लीएवढी. अलीकडे इस्रायलचे बंदूकवाले, पलीकडे जॉर्डनचे, आणि मध्ये पांढरे झगे घालून तुम्ही पाण्यात. याला यात्रा म्हणायचं?

बाई : मग काय म्हणायचं? तुमच्या त्या पांढऱ्या झग्यांनी तरी तिथे बंदूक आणलेली नाही.

इथे बाईंनी पोपचा विषय काढला. त्या प्रोटेस्टंट, पोपशी त्यांचं देणंघेणं नाही, तसं त्यांनी बजावलंही. १९६४ च्या जानेवारीत पोप सहावे पॉल अम्मानला उतरले आणि रस्त्यानं जेरुसलेमला आले. तेव्हा शहर तारांनी दुभंगलेलं, जुना भाग जॉर्डनकडे, नवा इस्रायलकडे. दुसऱ्या दिवशी ते मगिद्दोजवळून इस्रायलमध्ये शिरले, नासरेथ आणि गालील पाहिलं आणि रात्री मँडेलबाउम नाक्यावरून पुन्हा जॉर्डनच्या हद्दीत आले. व्हॅटिकनची इस्रायलला मान्यता नव्हती, म्हणून त्या संपूर्ण दिवसात त्यांनी देशाचं नावसुद्धा घेतलं नाही. पण याच प्रवासात जेरुसलेममध्ये ते ऑर्थोडॉक्स पंथाचे कुलपिता अथेनागोरस यांना भेटले. नऊशे वर्षांची फारकत असलेल्या दोन चर्चचे प्रमुख एकमेकांच्या गळ्यात पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हेच पोप मुंबईला आले होते, बाईंच्या वडिलांना ते आठवत असे.

नाना : पोपसाठी दोन्हीकडचे दरवाजे उघडतात हो. तुमच्या-आमच्यासाठी रांग. आणि आपलीही रांग एक वेळ परवडली. बेथलेहेमच्या सुताराचं काय? तुम्ही लाकडाचे उंट त्याच्याकडून विकत घेणार. त्याला ईस्टरला जेरुसलेमच्या थडग्याच्या चर्चमध्ये जायचं असेल तर परवाना काढावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. आठ-नऊ किलोमीटर अंतर! तुम्ही बरकतपुऱ्यातून निघून समुद्र ओलांडून त्याच्या देवळात जाणार, आणि तो स्वतः जाऊ शकत नाही. माझ्या जिवाला हे पटत नाही बाई. आपल्या हातातला पासपोर्ट तिथे जरा जास्तच जड होतो.

मला वाटतं, त्या संध्याकाळी बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं. बाईंनाही ते लागलं. त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ कपाटातून काढून नानांच्या हातात दिलं. वसईच्या या कॅथलिक धर्मगुरूनं ख्रिस्ताची भूमी आणि तिथला संघर्ष एकाच पुस्तकात मांडला. ख्रिस्ती माणसाला यातलं काही दिसत नाही असं समजू नका, एवढंच बाई म्हणाल्या. आणि मग रूथची गोष्ट सांगितली.

ती थोडक्यात अशी. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून एक कुटुंब यार्देनपलीकडे मवाब देशात जातं. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात. उरते नामी आणि तिच्या दोन मवाबी सुना. नामी परत निघते तेव्हा सुनांना म्हणते, माहेरी जा. एक जाते. दुसरी, रूथ, जात नाही. तुझे लोक ते माझे लोक, अशा अर्थाचं बोलून ती सासूबरोबर बेथलेहेमची वाट धरते. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नये, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. म्हणजे तीही सीमा ताणलेलीच. आजच्या नकाशावर मवाब जॉर्डनमध्ये येतं आणि नेबो पर्वतही त्याच मुलखात.

बाई : परक्या देवाची, परक्या मुलखातली बाई केवळ सोबत म्हणून निघाली. पुढे तिचा पणतू दावीद राजा. मत्तयाच्या पहिल्या पानावर येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. मी नामी, वहिनी रूथ. वयाचं गणित जुळत नाही, पण चालवून घ्या.

नाना हसले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चष्मा कपाळावर चढवून, बाईंचं बायबल काखेत मारून परत आले. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे.

नाना : वाचलं. पहिला अध्याय तुम्ही सांगितलात, दुसरा गाळलात.

बाई : काय गाळलं?

नाना : ती तिथे जाऊन काय करते? जवाच्या कापणीत सरवा वेचते. दिवसभर उन्हात, कापणाऱ्यांच्या मागे. त्या गावात राबते, राहते, तिथलीच होते. तुमची रूथ बसमधून उतरणार, येशूच्या जन्मस्थानाच्या बुटक्या दारातून वाकून आत जाणार, तारा बघणार, दुकानात उंट घेणार आणि तीन तासांत परत बसमध्ये.

बाई : आमचा मुक्काम बेथलेहेमातच आहे, नाना. हॉटेलं जेरुसलेमपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून बरेचसे भारतीय गट तिथेच उतरतात.

नाना : रात्री झोपण्यापुरते. सकाळी सहाला बस हलते. रूथनं सरवा वेचला त्या बवाजाच्या शेतात कुणी थांबतं का? तिथल्या एखाद्या घरात चहा? तुमच्या त्या कंपनीच्या कागदावर आहे का तसलं काही?

बाईंनी कागद काढला. चौथा दिवस : जेरुसलेम, जैतुनाचा डोंगर, दुःखाचा मार्ग, पवित्र थडगं. पाचवा दिवस : बेथलेहेम (अर्धा दिवस), यरीहो, मृत समुद्र. कंसातलं त्यांनी दोनदा वाचलं.

आतापर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काशीची, पंढरपूरची आणि गेल्या चाळीस वर्षांच्या संसाराची यात्रा त्यांनी केलेली. त्यांनी विचारलं, “मृत समुद्रात काय आहे?” बाई म्हणाल्या, पाण्यावर तरंगता येतं. “मग तो सोडू,” वहिनी म्हणाल्या. “त्या दिवशी बेथलेहेमातच राहू. आणि अहो, माझे गुडघे माझे मी बघते.”

कंपनीनं आधी नाही म्हटलं, गट फुटत नाही म्हणाले. बाईंनी शिक्षिकेच्या आवाजात फोन केला. शेवटी असं ठरलं की दोघी त्या दिवशी मागे राहतील, बेथलेहेमचाच परवानाधारक वाटाड्या वेगळे पैसे देऊन घेतील आणि संध्याकाळी गट त्यांना हॉटेलवर भेटेल. नाना अजूनही म्हणतात की जाऊ नये. विमा मात्र त्यांनीच काढला, आणि त्यातली बारीक अक्षरंही त्यांनीच वाचली.

माझं मत विचाराल तर, जाण्याच्या बाबतीत बाई बरोबर आहेत. सीमेवर अन्याय आहे म्हणून न जाण्यानं बेथलेहेमच्या सुताराला परवाना मिळत नाही. फक्त त्याचं दुकान बंद होतं. गाझाच्या युद्धात २०२३ आणि २०२४ चे नाताळ बेथलेहेमच्या चौकात झाडावाचून गेले, हॉटेलं ओस पडली. ऑक्टोबर २०२५ ची युद्धबंदी झाल्यावर त्या डिसेंबरात तिथलं झाड पुन्हा उजळलं, आणि त्या गावानं पहिलं आवाहन केलं ते हेच की या. एके काळी बहुसंख्य असलेले ख्रिस्ती लोक आज त्या गावात अल्पसंख्य आहेत, आणि रोजगार नसला की उरलेलेही बाहेरची वाट धरतात. जायचं कसं, या बाबतीत मात्र नाना बरोबर आहेत. तीन तासांत बेथलेहेम उरकणारी सहल बेथलेहेमला गेलीच नाही, असं मी धरतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी निघणार असेल, तर आधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. मग आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तरं घ्या. सीमा कोणत्या नाक्यावरून ओलांडणार, आणि तो अचानक बंद झाला तर दुसरी वाट कोणती? विम्यात युद्धाची परिस्थिती वगळली आहे का? बेथलेहेममध्ये वाटाड्या त्या गावचा असेल का? आणि तिथे एक अख्खा दिवस, काहीही न ठरवलेला, मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला नाही असं उत्तर आलं, तर दुसरी कंपनी बघा.